वाटेला लावायचा भाव

"अठराशे," मी म्हणालो आणि बशीतला चहाचा शेवटचा घोट घेतला.

कुराडे गुरुजी अंगणात लाकडी खुर्चीवर बसले होते, मी पायरीवर. त्यांनी एकदा वर घराकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"बरं," ते म्हणाले.

माझ्या ऐकण्यातच काहीतरी गफलत झाली असं मला वाटलं. "अठराशे हं, गुरुजी. नुसती मजुरी. कौलं न् लाकूड तुमचं."

"ऐकलं की रे. बरं म्हटलं."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून अकरा रुपये काढले आणि पायरीवर माझ्या शेजारी ठेवले. इसार. दहाची नोट वाऱ्यानं उडू नये म्हणून वर रुपयाचं नाणं ठेवलं. पायरीवर विंचू निघावा तसा मी त्या पैशांकडं बघत बसलो.

कारण अठराशे हा माझा भाव नव्हताच. तो नकार होता.

हे कळायला आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. मी घरं शाकारणारा सुतार. उन्हाळ्यात जुन्या घराची कौलं उतरायची, शेवाळ झाडायचं, फुटकी बाजूला काढायची, वाळवीनं खाल्लेले वासे आणि त्यांच्यावरच्या आडव्या रिपा बदलायच्या आणि पुन्हा सगळं ओळीनं वर चढवायचं. हे काम मला सटुप्पा मेस्त्रींनी शिकवलं. पण काम शिकवायच्या आधी त्यांनी भाव सांगायला शिकवलं. घर खालूनच बघायचं. उभ्या ओळीत कौलं किती, आडव्या ओळीत किती, ते डोळ्यांनी मोजायचं. वळचणीला आलेल्या वाशाच्या टोकाला नख लावून लाकूड किती जिवंत आहे ते बघायचं. चहा येईपर्यंत आकडा काढायचा नाही. एकदा तोंडातून निघालेला आकडा आपण होऊन फिरवायचा नाही. गिऱ्हाईक दोनदा घासाघीस करतं, तेवढंच उतरायचं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, कुणाच्या दारात उभं राहून 'तुमचं घर मी शाकारत नाही' असं म्हणायचं नाही. घराला ते अशुभ. काम नकोच असेल, तर दीडपट भाव सांगायचा. मग गिऱ्हाईक आपणच म्हणतं, "बघू पुढं," आणि आपण म्हणायचं, "बघा की." त्याचाही मान राहतो, आपलाही. सटुप्पा मेस्त्री याला 'वाटेला लावायचा भाव' म्हणायचे.

गुरुजींच्या नऊ खणांच्या घराचा सरळ भाव बाराशे होता. त्यांना मी दीडपट सांगितला. आणि खरं सांगायचं तर त्याआधी वर्षभर मी ज्याला त्याला दीडपटच सांगत होतो.

दीड वर्षापूर्वी एका व्यापाऱ्याच्या गोदामावर काम करताना मी आढ्यावरून खाली आलो होतो. पाय घसरला, दुसरं काही नाही. मांडीचं हाड मोडलं. तीन महिने प्लास्टरमध्ये काढले आणि हाड चांगलं सांधलं. डॉक्टर म्हणाले, आता पळालास तरी चालेल. पळालोही असतो. पण बरा झाल्यावर पहिल्यांदा शिडी चढायला गेलो आणि तिसऱ्या पायरीवर पाय असे लटपटायला लागले, की शिडी भिंतीवर खडखड वाजायला लागली. खाली उतरून मी शिडीलाच शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी तेच. महिन्याभरानंही तेच.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. घरं शाकारणाऱ्यानं उंचीला भ्यावं म्हणजे कोळ्यानं पाण्याला भ्यावं तसं झालं. लोक म्हणायला लागले, 'केरबा माजला, तोंडाला येईल तो भाव सांगतो.' मी ते खुशाल ऐकून घ्यायचो. माजलेला म्हणा हवं तर, भ्यालेला म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं. खाटांचे पाय कर, पाट कर, कुळवाचा दांडा बसव, अशी बसून करायची कामं करत होतो. त्यावर घर चालत नव्हतं. हौसा, माझी बायको, लोकांच्या रानात भांगलायला जायची आणि त्यावर तेल-मीठ यायचं.

आणि आता गुरुजी 'बरं' म्हणून मोकळे झाले होते.

"शैला येणार आहे बाळंतपणाला," ते सांगत होते. शैला त्यांची एकुलती एक लेक. "मृगाच्या आसपासची तारीख आहे. आतली खोली गळते. गेल्या पावसात आम्ही दोघांनी खाट तीनदा हलवली. आम्हा म्हाताऱ्यांचं ठीक आहे रे, बाळंतिणीची खाट कुठं कुठं हलवत बसणार? तू शाकारलेलं सोसायटीचं घर बारा वर्षं गळलं नाही. म्हणून म्हटलं, केरबाच पाहिजे."

मी इसार उचलला. दुसरं काय करणार? आकडा माझ्याच तोंडातून निघाला होता. आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की काम धरतो, असं सांगून उठलो.

घरी हौसा सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"काय झालं गुरुजींचं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"घेतलं काम."

"कितीला?"

"अठराशे."

मला वाटलं होतं, ती तोंडाला पदर लावेल, 'लुबाडलं की वो मास्तरास्नी' म्हणेल. तिनं एक खडा उचलून दाराबाहेर फेकला आणि म्हणाली, "ब्येस झालं." आणि पुन्हा निवडायला लागली. मला तिचा रागच आला.

हाताशी पंधरा दिवस होते. हौसा रानात गेली की मी गोठ्याला शिडी लावायचो. गोठा तो केवढा, हात वर केला की वळचण लागते. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी. आणि पाय सुरू. एकदा डोळे मिटून चौथी चढलो. उघडले, तर म्हैस रवंथ थांबवून माझ्याकडं बघत होती. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. मी खाली उतरलो, शिडी आडवी करून ठेवली आणि ठरवलं, की इसार परत करायचा. आजारी आहे म्हणून सांगायचं, पोट बिघडलंय म्हणून सांगायचं, काहीही. पण गुरुजींच्या लेकीचं बाळंतपण माझ्या हट्टापायी पाण्यात नको.

शनिवारी सकाळी गेलो. गुरुजी ओट्यावर जुना पेपर पसरून चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधत बसले होते. मी अकरा रुपये त्यांच्या पुढ्यात ठेवले.

"ह्यो इसार परत घ्या, गुरुजी."

"का रे?"

"भाव चुकला माझा."

"कमी सांगितलास होय?"

"न्हाई. जास्त."

"मग कमी कर. त्यात इसार परत करण्यासारखं काय आहे?"

वाटेत जुळवून आणलेलं सगळं मी विसरलो. पोटाचं सांगायचं की तापाचं, तेही आठवेना. गुरुजींनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्याखाली मी चार वर्षं काढलेली होती. पहिली ते चौथी मला त्यांनीच शिकवलं होतं.

ते उठले, आतून एक वही आणि पेन्सिल घेऊन आले आणि वही माझ्या मांडीवर ठेवली.

"रीत दाखव," ते म्हणाले.

त्या दोन शब्दांनी मी पुन्हा शाळेच्या पट्टीवर जाऊन बसलो. चौथीत मी गणिताची उत्तरं पुस्तकाच्या मागच्या पानावरून उतरून काढायचो. उत्तर हमखास बरोबर, वर काहीच नाही. गुरुजी पाटी सगळ्या वर्गाला दाखवायचे आणि म्हणायचे, "केरबाचं उत्तर आभाळातनं पडलंय. उत्तराचा एक मार्क, रीतीचे चार. केरबाला किती?" सगळी पोरं ओरडायची, "एक!"

"गुरुजी, आता ह्या वयात..."

"अठराशे कसे आले, तेवढं मांड. मलाही कळू दे. मास्तराला लुबाडायचं असलं तरी रीतीनं लुबाडावं."

मी पेन्सिल धरली. रंधा धरणाऱ्या हाताला पेन्सिल सापडत नाही. तरी मांडलं. काम बारा दिवसांचं. माझा रोज पन्नास, म्हणजे सहाशे. खालून कौलं वर द्यायला दोन बायका, पंधरा रुपये रोजानं, तीनशे साठ.

"एक हौसाच असेल?"

"व्हय. तिचा बी रोज धरतो मी."

"धरायलाच पाहिजे. पुढं?"

"परातीला बांबू, सुंभ, गाडीभाडं. दोनशे. आन् चुका चाळीस रुपयांच्या."

"चुकांचे पैसे घेतोस आता?" गुरुजी म्हणाले. "शाळेत फुकट करायचास."

मी हसलो. खूप दिवसांनी हसलो असेन. परात म्हणजे चढायला बांधतात तो बांबूंचा सांगाडा आणि चुका म्हणजे रिपा ठोकायचे खिळे. हे गुरुजींना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या हसण्यानं माझं लक्ष ढळलं आणि मी सरळ बेरीज केली.

"बाराशे," मी म्हणालो.

"बाराशे. आणि उत्तर अठराशे." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "हे मधले सहाशे कशाचे?"

आत काकी, म्हणजे गुरुजींची बायको, पाट्यावर काहीतरी वाटत होत्या. तो आवाज थांबला. मी वहीकडं बघत राहिलो. त्या सहाशेंच्या पुढं लिहायला माझ्याकडं एकही वस्तू नव्हती. बांबू लिहून झाला, सुंभ लिहून झाला, चुका लिहून झाल्या.

"केरबा, कशाचे?"

"वर चढायचं," मी म्हणालो. "मला वर चढाय येत न्हाई, गुरुजी. पडल्यापास्नं. तिसऱ्या पायरीवर पाय कापत्यात. दीड वर्स झालं. म्हनून दीडपट सांगतो. लोकांनी न्हाई म्हनावं म्हनून. तुमी बरं म्हनलासा."

एवढं बोललो आणि मला एकदम हलकंही वाटलं आणि लाजही वाटली. वाटलं, आता गुरुजी पाठीवर हात ठेवतील, 'होतं असं, धीर धर' म्हणतील. तसं झालं असतं तर मी तिथून पळच काढला असता. पण गुरुजी हाडाचे मास्तर. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, टोक बघितलं आणि परत दिली.

"बरं. मग मला सांग, वर चढणाऱ्या माणसाचा रोज काय असतो?"

"पन्नास."

"बारा दिवसांचे?"

"सहाशे."

"खालून नुसतं बघून, कुठला वासा बदलायचा, कुठली ओळ सरकलीय, हे तुला सांगता येतं?"

"ते येतंय की. डोळ्याला काय झालंय?"

"मग बाराशेत हे सहाशे मिळव."

मी मिळवले. अठराशे. गुरुजींनी वही ओढून घेतली आणि सहाशेंच्या पुढं स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'वर चढणारा माणूस, एक.' खाली दोन रेघा मारल्या.

"उत्तर बरोबर होतं तुझं," ते म्हणाले. "रीत तेवढी लपवून ठेवली होतीस. इसार उचल. आणि माणूस तू शोधायचास, ते माझं काम नाही."

माणूस शोधायला निघालो. उन्हाळ्यात वर चढणारा हात रिकामा कुठला मिळायला? तीन गावं फिरलो. एकजण मुंबईला मिलमध्ये चिकटला होता, एकाला सिमेंटच्या पत्र्यांचं काम लागलं होतं. तिसरा, भैरू म्हणून माझ्याच बरोबरीचा, त्याच्याकडं हंगामाची सगळी कामं भरलेली. तो म्हणाला, "तूच चढ की गा, तुला कोन पायजे?" मी म्हणालो, मोठं काम आहे, आणि तिथून निघालो. त्याला खरं सांगायचं धाडस झालं नाही. एकाच आठवड्यात दोनदा खरं बोलायची माझी तयारी नव्हती.

पण घरी बोलावंच लागलं. हौसा चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दाराच्या चौकटीला टेकून तिला म्हणालो, "वर चढाय एक मानूस पायजे. पन्नास रुपयं रोज द्यायचा."

"रोज पन्नास?"

"व्हय."

"बारा दिस?"

"व्हय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. 'तुमी का चढत न्हाई' हे तिनं विचारलं नाही. मी उत्तर तोंडात धरून उभा होतो आणि तिनं विचारलंच नाही.

"मग भायेरच्याला कशाला द्यायचं?" ती म्हणाली.

"म्हंजे?"

"चौदा वर्सं खालनं कौलं देतेय. कोनतं कौल कसं बसतंय, ते मला काय ठावं न्हाई?"

"आगं, पर बाईमानूस घरावर..."

"वर कौलास्नी कळतंय व्हय, बाई का बापय त्ये?"

भाकरी उतरवून, हात धुऊन ती उठली. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, गोठ्याला शिडी लावली आणि चढली. थांबत थांबत नाही, घरात माळ्यावर चढावं तशी चढली. दोन ओळींच्या मधे, रिपेच्या बरोबर वर पाय देत आढ्यापर्यंत गेली आणि तिथं दोन्हीकडं पाय सोडून बसली. नवशिका माणूस कौलाच्या मध्यावर पाय देतो आणि कौल फोडतो. तिनं एकही फोडलं नाही. म्हशीनं पुन्हा रवंथ थांबवला.

"हितनं आजऱ्याची वाट दिसती," हौसा वरून म्हणाली.

मला तिचा हेवा वाटला. खोटं कशाला सांगू?

आखाती झाल्यावर काम धरलं. गावात बातमी पोचायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. दुपारी रिकामटेकडे पलीकडच्या पारावर येऊन बसायचे, तमाशाला बसल्यासारखे. "केरबा, तू खाली आन् बायकू वर? घर उलटं झालं की गा!" मी उत्तर द्यायचो नाही. हौसा द्यायची. एकदा ती वरून म्हणाली, "भाऊजी, फुटकी कौलं खाली टाकाय लागलेय मी. बाजूला बसा, न्हाईतर टकुऱ्यात पडंल." त्यानंतर पार जरा लांब सरकला.

खरी अडचण काकींची होती. घराच्या मधोमध देवघर, त्याच्या डोक्यावर बाईनं पाय द्यायचा? सहाव्या दिवशी काम तिथवर आलं, तेव्हा त्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. कपाळावर आठ्या. हौसा शिडीवर अर्ध्यात थांबली. मी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी पेपर तोंडापुढं धरला. काकी बराच वेळ वर बघत राहिल्या. मग आत गेल्या, देव एकेक करून ताम्हनात घेतले आणि बाहेर तुळशीपाशी आणून ठेवले.

"देवांनाही जरा बाहेरची हवा लागू दे," त्या हौसाला म्हणाल्या. "तू चढ. पण आधी नमस्कार कर हं."

हौसानं शिडीवरूनच हात जोडले.

आणि मी? मी खाली उभा राहून बघायला शिकलो. इतकी वर्षं वर असताना मला घर कधी पूर्ण दिसलंच नव्हतं. गुडघ्याखालची चार कौलं तेवढी दिसायची. आता हातात काठी घेऊन मी अंगणाच्या टोकाला जायचो, एक डोळा मिटायचो. कुठली ओळ बोटभर खाली आलीय, कुठला वासा पोटातून खचलाय, सगळं दिसायचं. "तिसरी रीप, उजव्या अंगाला हातभर," मी ओरडायचो, आणि हौसाचा हात बरोबर तिथं जायचा. आतल्या खोलीवरची गळती वर असताना मला कधीच सापडली नसती. कौलं धड होती, वासा धड होता. खालून बघितलं तेव्हा कळलं, की भिंतीलगतची एक रीप उलटी ठोकली होती आणि पाणी मागं वळत होतं. ज्यानं ठोकली होती, तो माणूस वर बसून काम करणाराच असणार.

पुढं बावीस वर्षं आम्ही असंच काम केलं. विचारायला येणाऱ्याला मी पहिल्यांदाच सांगायचो, की दोन माणसांचा भाव आहे, एक वर आणि एक खाली. काहीजण परत जायचे. राहिलेल्यांची घरं गळली नाहीत. पण ती सगळी वर्षं एकीकडं आणि गुरुजींच्या घरावरचा तो बारावा दिवस एकीकडं.

त्या दिवशी फक्त आढ्यावरची कोनाची कौलं बसवायची राहिली होती. कौलं द्यायला आलेली दुसरी बाई जेवायला गेली होती. गुरुजी बँकेत, काकी आत. अंगणात मी एकटा आणि वर हौसा. तिनं एक कौल बसवलं आणि पुढचं हातात घेता घेता म्हणाली, "गुरुजी तुमच्यासाठी निरोप घिऊन बाजारात मला भेटलं हुतं. म्हायताय?"

"कवा?"

"तुमी भाव सांगाय गेला, त्येच्या आदल्या बाजारी. म्हनलं, केरबाला घर बघाय लावून दे. मी म्हनलं, देते. पर एक करा गुरुजी. ते दीडपट सांगतील. तुमी घासाघीस करू नगा. घासाघीस केलीसा की ते सुटत्यात."

मी वर बघत राहिलो. तिच्या मागं ऊन होतं, तोंड नीट दिसत नव्हतं.

"म्हंजे तुला ठावं हुतं?"

"काय?"

"माझं पाय... शिडीचं."

"ठावं नसाय काय झालं? दीड वर्स माळ्यावरचं बी-बियानं मीच काढतेय न्हवं? आदी मला हात लावू देत नव्हता. कनसांचा झुबका बांधाय बी तुमीच वर. पडल्यापास्नं एकदा तरी चढला का?"

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं कौल सरळ केलं, तळव्यानं दाबून बघितलं.

"काय बोलू? तुमी भ्यालाय व्हय, म्हनून इच्यारलं असतं, तर मला दाखवायसाठी तुमी तवाच्या तवा शिडी लावली असती. चढला बी असता. आन् वरनं पडला असता." तिनं पुढचं कौल हातात घेतलं. "एकदा पडलेलं बघितलंय मी. खाली मीच हुते तवा. कौल द्याय हात वर केला हुता, आन् तुमी आला."

मी काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होतो. त्या गोदामाखाली तीच होती, हे मला ठाऊक असून मी कधी धरलंच नव्हतं. पडलो तो मी, हाड मोडलं ते माझं, भीती माझी, एवढाच माझा हिशोब. दीड वर्ष मी माझी भीती तिच्यापासून लपवत होतो आणि ती तिची माझ्यापासून. मला रडू आलं. पारावरून कुणी बघत असेल याचीही शुद्ध राहिली नाही. सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, तर बाहीवरची लाल माती डोळ्यांत गेली आणि आणखीच पाणी यायला लागलं.

वर तिनं शेवटचं कौल बसवलं.

"बगा वो," ती म्हणाली, "ओळ सरळ हाय का?"

मी मान वर केली. घर, आढं, हौसा, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं हलत होतं. एक कौल दुसऱ्यापासून वेगळं दिसत नव्हतं.

"हाय," मी म्हणालो. "सरळ हाय."

"न बगता सांगू नगा," वरून आवाज आला. "पन्नास रुपयं कशाचं घेताय?"

मग मी अंगणाच्या टोकाला गेलो, काकींच्या रांजणातलं पाणी घेऊन डोळे धुतले, एक डोळा मिटला आणि बघितलं. उजवीकडून चौथं कौल बोटभर वर होतं. तसं तिला सांगितलं.